जीप दोन इंच उचलली ते वर्ष

दस्तगीर मिस्त्रींनी पाट्यांचे दोन्ही जोड पोत्यावर शेजारी शेजारी मांडले आणि चिंधीला हात पुसत म्हणाले, "हे मऊ, हे कडक. आता तुमी दोघं ठरवा. मी च्या सांगून येतो."

आमची जीप त्यांच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चारही चाकं काढलेली, जुने पाटे उतरवून भिंतीशी टाकलेले. पाटे म्हणजे चाकाच्या आसावर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर असतो आणि खड्ड्याचा दणका आधी तेच खातात. आमचे पाटे गाडीच्याच वयाचे होते आणि मधून पार बसले होते. आदल्या वर्षी गगनबावड्याच्या स्पर्धेत जीपने खडकावर असं पोट आपटलं, की तिथेच आम्ही ठरवलं होतं, पुढच्या वेळी हिला दोन इंच वर उचलायची. नवे पाटे, नवे शॉकअप, सगळंच नवं.

जीप अर्धी माझी आणि अर्धी हुक्केरीची होती. माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत फरशीचं दुकान. शिवलिंग हुक्केरी मूळचा गडहिंग्लजचा, सरकारी नोकरीत भूमापक. गावोगाव फिरून जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, दोन्हीकडच्या भावकीच्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. कॉलेजात एका बाकावर बसत होतो तेव्हापासूनची दोस्ती. नऊ वर्षांपूर्वी ही जुनी डिझेल जीप दोघांत घेतली आणि रविवार तिला वाहिला. आमच्यासारख्याच खुळ्यांचा एक क्लब होता. जिथं बैलगाडी नेताना माणूस दोनदा विचार करेल, तिथं हे लोक हौसेने गाड्या घालायचे.

कामाची आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. मी गाडी चालवायचो आणि हुक्केरी पुढं चालायचा. अवघड जागी चालवणाऱ्याला बॉनेटपुढचं काही दिसत नाही. कुठला दगड कुठल्या चाकाखाली येतोय हे खाली उतरलेला माणूसच सांगू शकतो. हुक्केरी गाडीकडे तोंड करून उलटा चालायचा, दोन्ही हात छातीसमोर धरून. बोटांनी डावं-उजवं, तळवा दाखवला की थांब. मी रस्त्याकडे बघायचोच नाही, त्याच्या हातांकडे बघायचो. पायांना जमीन कळणं हा तर त्याचा धंदाच होता. नऊ वर्षांत एकदाही त्याने मला चुकीच्या दगडावर चढवलं नाही.

पण स्पर्धेत तीन वर्षं आम्ही दुसरे येत होतो. पहिला यायचा इंगवले. ऊस, ट्रॅक्टरची एजन्सी आणि भुदरगडाकडे वीस एकर, असा गडी. हरल्याचं मला जेवढं लागायचं त्यापेक्षा त्याने बक्षीस घेताना माझ्याकडे बघून हसणं जास्त लागायचं.

"मऊ घेऊया," हुक्केरी म्हणाला.

तो मिस्त्रींच्या लोखंडी स्टुलावर बसला होता. मी कडक जोडाजवळ उभा होतो. चांगला सात पट्ट्यांचा, जाड, काळाभोर जोड होता.

"इंगवल्याच्या गाडीला कडकच आहेत," मी म्हटलं. "आडव्या उतारावर गाडी कशी ताठ राहते बघितलंस नव्हं? मऊ घातले तर हिंदकळत बसेल सगळी."

"हिंदकळू दे की. मऊ पाट्यांना चाक जमीन सोडत नाही. एक चाक दगडावर गेलं तरी दुसरं खड्ड्यात उतरतं, पकड राहते. कडक असले की चाक हवेत. मग फिरव बसून."

"आणि उंची? मऊ पाटे दोन वर्षांत बसतील परत."

"दोन वर्षांनी बघू." तो गुडघ्यावर हात चोळत होता. "आणि खरं सांगू का, यंदा मला खाली उतरायचं नाही. गाडी उंच झाल्यावर तशी गरजही लागायची नाही फारशी. नऊ वर्षं उलटा चालतोय मी. एकदा तुझ्या शेजारी बसून सगळी स्पर्धा बघायचीय. तेवढ्यासाठी म्हणतोय, बसणाऱ्याला जरा सुखाचं होईल असं बघ."

"अरे व्वा. मग वर छत्री पण धरू काय? नवरदेव."

तो हसला. "धर की. फेटा मी आणतो."

मिस्त्री चहा घेऊन आले. मी म्हटलं, बरं, मऊ तर मऊ, तुझ्या मनासारखं होऊ दे. हुक्केरीने चहा संपवला, स्टुलावरून उठताना मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ उभा राहून त्यांच्याशी काहीतरी हळू बोलला. मी तोवर कडक पाटे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तो मोजणीसाठी आजऱ्याकडे गेला, चार दिवस. त्या चार दिवसांत दुकानात बसून मी काय विकलं मला आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा माणूस वर्षभर सरकारी पगारात फिरतो, ह्याला एक दिवस सुखाने बसायचंय, आणि त्यापायी मी चौथ्यांदा इंगवल्याचं हसणं बघायचं? गुरुवारी दुकान गड्यावर टाकून मी शेडमध्ये गेलो. मिस्त्री पुढचा मऊ पाटा उचलून जीपखाली सरकवत होते.

"मिस्त्री, ते ठेवा. कडक घाला."

ते सरकत बाहेर आले आणि उताणेच पडून माझ्याकडे बघत राहिले. "साहेबांना इचारलासा?"

"विचारलं की. फोन झाला काल. त्यालाही पटलं."

"पटलं?"

"म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर."

मिस्त्री उठून बसले. "न्हाई, साहेब मला म्हनले होते, काय बी करा, पण..." आणि ते थांबले.

"पण काय?"

"काय न्हाई. तुमचं दोघांचं बोलनं झालंय म्हंजे झालं." त्यांनी मऊ पाटा पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला.

फोन वगैरे काही झाला नव्हता. हे खोटं मी आधी ठरवूनही गेलो नव्हतो. तोंडातून सहज आलं, गिऱ्हाइकाला 'हा शेवटचाच लॉट आहे' म्हणतो तितक्या सहज. परत येताना मनाशी म्हटलं, जिंकलो की तोच म्हणेल, बरं केलंस.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी सहाला मी त्याच्या दारात जीप उभी केली. जीप काय दिसत होती म्हणून सांगू. दोन इंचांत तिचा सगळा रुबाबच बदलला होता. हुक्केरी पायऱ्या उतरून आला, दोनदा तिच्याभोवती फिरला आणि मग चढायला लागला. डावा पाय आत टाकला, आणि उजवा पाय पँटला धरून हाताने उचलून आत घेतला. मी ते पाहिलं. पाहून मनात म्हटलं, बघा, दोन इंचांनी सुद्धा माणसाला किती फरक पडतो.

रंकाळ्याच्या कडेच्या पहिल्याच गतिरोधकावर त्याला कळलं.

"हे ते पाटे नाहीत," तो म्हणाला.

"नाहीत."

"का?"

"मिस्त्री म्हणाले, मऊ जोडात एक पट्टी चिरलेली निघाली." हे दुसरं खोटं. "आता ऐनवेळी कुठून आणणार? स्पर्धा होऊ दे, मग बदलूया की."

गगनबावड्यापर्यंतचा रस्ता तेव्हा जागोजाग उखडलेला होता आणि कडक पाट्यांची रिकामी गाडी खड्डा मऊ करत नाही, उलट परत फेकते. दर दणक्याला तो समोरची दांडी दोन्ही हातांनी धरून पाठ सीटपासून अंतरावर ठेवत होता. मध्ये एकदा म्हणाला, जरा हळू घे. मी म्हटलं, उशीर होतोय.

स्पर्धा घाटमाथ्यावर एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर होती. सड्यावर सगळा काळा जांभा, मधून ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना खाच पडलेली. काठ्यांना रंगीत फिती बांधून वाट आखलेली, काठीला गाडी लागली की गुण जाणार, आणि घड्याळ चालू. बघायला पन्नाससाठ माणसं असतील. क्लबवाले, त्यांच्या बायका, पलीकडच्या वाडीतले लोक.

पहिल्या दोन फेऱ्यांत आम्ही इंगवल्याच्या पुढे गेलो. आडव्या उतारावर जीप खरंच ताठ राहिली. हुक्केरी शेजारी बसून सांगत होता, "डावं थोडं... आता सोड... घे," आणि मधेच माझ्या पाठीवर थाप मारत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मला वाटलं, पाट्यांचं तो विसरला.

तिसरी फेरी ओढ्यातून वर चढायची. पाण्यात दोन मोठे धोंडे, त्यांच्यामध्ये घळ आणि पुढे गुडघ्याएवढी पायरी. मी पुढचं डावं चाक धोंड्यावर घातलं आणि उजवं चाक सरळ हवेत गेलं. कडक पाटे वाकेनात. हुक्केरीने शेडमध्ये सांगितलं होतं तसंच झालं. मी रेस वाढवली तसं चाक नुसतं गरगर फिरलं.

"उतर," मी म्हटलं.

"नको रे. आतूनच सांगतो. थोडी मागं घे आणि उजवीकडून—"

"आतून तुला काय दिसणार? घड्याळ चाललंय. उतर की लवकर."

"जयसिंग, आज नको मला खाली उतरायला लावू."

"मग कशाला आलायस?"

तो उतरला. गाडीला धरून धरून पुढे गेला. नेहमी जो माणूस दगडावरून दगडावर टांग टाकत जायचा, तो पाण्यात एकेक पाऊल चाचपत टाकत होता. उजवा पाय मागून ओढल्यासारखा येत होता. मी घड्याळाकडे बघितलं आणि हॉर्न वाजवला. एकदा, मग परत एकदा. दुसऱ्या हॉर्नला तो दचकून वळला, त्याचा तोल गेला आणि तो पाण्यात मागच्या मागे बसला.

काठावरचे लोक हसले. कुणीही हसलं असतं म्हणा. चांगला पन्नाशीकडे आलेला माणूस पाण्यात बदकन बसला तर हसू येतंच. पण मला त्या हसण्याची लाज वाटली, ते लोक माझ्यावर हसतायत असं वाटलं. आणि त्यांच्या बाजूला जाण्यासाठी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "काय हुक्केरी, सकाळीच टाकून आलायस काय?"

मग तर हसण्याचा फवारा उडाला. इंगवले सगळ्यांत मोठ्याने हसला. मीही हसलो.

हुक्केरी लगेच उठला नाही. बसल्या बसल्या कडेच्या दगडापर्यंत सरकला, त्याला पाठ टेकली आणि दोन्ही हात छातीसमोर धरले. उजव्या हाताची दोन बोटं, मागे. मी मागे घेतली. मग डावीकडे, अगदी थोडं. मग तळवा. मग दोन्ही हात पुढे. मी त्याच्या हातांकडे बघत राहिलो आणि जीप धोंड्यामधून सरळ वर चढून पायरीपलीकडे गेली. एकाही काठीला लागली नाही.

आम्ही पहिले आलो. ढाल घेताना फोटो काढला त्यात तो माझ्या शेजारी आहे, ओली पँट, हात माझ्या खांद्यावर. तो हात खांद्यावर कशासाठी होता हे मला तेव्हा समजलं नाही. परतताना तो म्हणाला, "पाठ जरा दुखतीय रे, मी त्या सांगलीवाल्यांच्या गाडीतून येतो. त्यांची लांब गाडी आहे, आडवं होता येतं." मी म्हटलं, ये की.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "जीपचा माझा हिस्सा तू घेऊन टाक. माझ्याच्यानं आता व्हायचं नाही."

"पाट्यांवरून एवढा राग?" मी विचारलं.

"राग कसला रे. खरंच होत नाही."

मला वाटलं, रागच आहे. आणि मी जिंकलोय त्याचा आहे. मलाही मग ताठा आला. कागद त्याच्याकडे माणसाबरोबर पाठवले, त्याने सह्या करून परत दिले. पुढे मार्चमध्ये त्याचे दोन फोन येऊन गेले. पडद्यावर नाव बघितलं आणि उचलले नाहीत. म्हटलं, आता काय उरलंय बोलायचं, येऊ दे समोर. तो आला नाही आणि मीही गेलो नाही. एकाच शहरात राहून दीड वर्ष असं काढता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दीड वर्षानंतर एका दुपारी महानंदा वहिनी दुकानात आल्या. हुक्केरीची बायको. मी उठून उभा राहिलो, गड्याला पाणी आणायला सांगितलं.

"भावजी, खरखरीत फरशी दाखवा," त्या म्हणाल्या. "न्हाणीघरात घालायचीय. आणि उंबरा काढून सपाट करायचाय, त्याला लागंल तेवढी."

"ही बघा. पाय घसरायचा नाही हिच्यावर."

"पायाचं नाही. चाक घसरायला नको."

"कसलं चाक?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय?"

"खुर्चीचं चाक, भावजी."

त्या बसल्या आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, की डोळ्यांना पदर लावला नाही. नसांचा आजार. हळूहळू पायातलं बळ जातं, मग हातातलं. त्या जुलैमध्ये, म्हणजे आमची जीप शेडमध्ये गेली त्याच्या आधी दोन महिने, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वर्ष-दीड वर्ष चालता येईल, जपून. पाठीला दणके अजिबात नकोत.

"मग स्पर्धेला कशाला पाठवलंत?"

"मी कोण पाठवणार? मला म्हणाले, एकदाच जातो, बसून येतो, मऊ पाटे घालून घेतलेत. तुम्हाला सांगू नको म्हणाले. जयसिंगला कळलं तर तो गाडीच काढायचा नाही, त्याला यंदा जिंकायचंय."

मी काउंटरवरची नमुन्याची फरशी उगीच उलटी करून ठेवली.

"बरं, ते झालं ते झालं," वहिनी म्हणाल्या. "पाय काय, जायचे ते जाणारच होते. पण तो अर्ज झाला ना, त्याने फार खचले."

"कसला अर्ज?"

"तेही माहीत नाही?" वहिनी म्हणाल्या. "ते इंगवले आहेत ना तुमच्यातले, त्यांच्या भुदरगडच्या जमिनीची मोजणी ह्यांच्याकडे आली. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. त्यांनी वर अर्ज केला. भूमापक दारू पिऊन मोजणीला येतात, चालताना झोकांड्या जातात. आणि पुढं लिहिलेलं, त्यांचे जिवलग मित्र जयसिंग सरनोबत हेच चारचौघांत तसं बोललेले आहेत, पन्नास माणसं साक्षीला आहेत."

बाहेर टेम्पोत फरशा चढत होत्या. गड्याने येऊन काहीतरी विचारलं, मी हाताने जा म्हटलं.

"थेंबाला शिवला नाही हो तो माणूस कधी," वहिनी म्हणाल्या. "गळ्यात लिंग घालून हिंडणारा. तेव्हा ह्यांनी तुम्हाला दोनदा फोन केला. म्हणाले, जयसिंग चार ओळी लिहून देईल, की मी आपलं गमतीत बोललो होतो. तुम्ही कामात असाल."

"मग काय झालं?"

"मग काय. झोकांड्या का जातात ते सांगावंच लागलं. दवाखान्याचे कागद नेऊन ठेवले साहेबांपुढं. नाव साफ झालं, पण त्याच दिवशी फिरतीचं काम काढून टेबलावर बसवलं. त्यांचं तरी काय चुकलं? पण हे म्हणायचे, अजून सहा-आठ महिने शिवारात हिंडलो असतो गं." त्या उठल्या. "तुमच्याच दुकानातनं आणायला सांगितलंय त्यांनी. दुसरीकडं जाऊ नको म्हणाले."

फरशी मी स्वतः जाऊन बसवून द्यायला हवी होती. माझी हिंमत झाली नाही. गवंडी पाठवला आणि स्वतः जीप घेऊन दस्तगीर मिस्त्रींकडे गेलो.

"मऊ जोड आहे काय अजून?"

त्यांनी कोपऱ्यातून पोतं ओढून बाहेर काढलं. मग जीपकडे बघत म्हणाले, "साहेबांनी मला शपथ घातली होती शेट. माझ्या पाठीचं असं असं हाय, कुनाला बोलू नको, पन पाटे मऊच घाल, माझं दुखनं कळलं तर जयसिंग गाडीच काढायचा न्हाई. तुमी म्हनलासा बोलनं झालंय. मला वाटलं, साहेबांनी तुमास्नी सगळं सांगितलं असंल, आनि तरीबी दोघांनी मिळून ठरवलं असंल."

"मी खोटं बोललो होतो, मिस्त्री."

"व्हय," ते म्हणाले. "ते मला मागनं कळलं." आणि जीपखाली सरकले.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. हुक्केरी खिडकीशी खुर्चीत बसला होता. बारीक झाला होता, पण आवाज तोच. "ये," म्हणाला, जणू आदल्या आठवड्यातच भेटलो होतो. "फरशी झकास दिलीस. आता आंघोळीला सुद्धा गाडीनेच जातो बघ."

"चल, एक चक्कर मारून येऊ," मी म्हटलं. "मऊ पाटे घातलेत."

त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि शेजारच्यांना हाक मारली. दोघा-तिघांनी मिळून त्याला उचलून जीपमध्ये बसवलं, मागे उशा लावल्या. उंची मात्र तीच होती. त्याला वर घेताना सगळ्यांची दमछाक झाली.

पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. मी जीप इतकी सावकाश चालवत होतो की मागून सायकलवाले पुढे जात होते. गतिरोधकावर पाटे वाकले आणि अलगद परत आले. हुक्केरी म्हणाला, "बघ. मी सांगत नव्हतो?" आणि बराच वेळ बाहेरच्या उसाकडे, बांधांकडे बघत राहिला. एका शेताकडे बोट करून म्हणाला, ह्याची हद्द मी घातलीय, एकोणीसशे पंच्याण्णव साली. बोट पुरतं सरळ होत नव्हतं.

एका वडाखाली मी गाडी थांबवली. घरून निघताना पाठ केलेलं सगळं बोलायला सुरुवात केली. पाटे मी मुद्दाम बदलले, पट्टी चिरली नव्हती, मिस्त्रींना खोटं सांगितलं, तुझे फोन बघून उचलले नाहीत. तो ऐकत होता. मध्येच हात थोडा वर केला, थांब म्हणून.

"पाट्यांचं मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "फोनचंही कळलं. ते जाऊ दे. मला एकच विचारायचंय. दीड वर्ष विचारीन म्हणतोय."

"विचार की."

"ओढ्यात मी पडलो तेव्हा तू ओरडलास. तुला खरंच वाटलं होतं काय रे, मी पिऊन आलोय म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. तो मला हो म्हणायला वाट ठेवून विचारत होता, हेही मला दिसत होतं. पण त्या जीपपायी मी दोनदा खोटं बोललो होतो आणि तिसऱ्यांदा माझ्याने होईना.

"नाही," मी म्हटलं. "तू पीत नाहीस हे मला माहीतच होतं. लोक हसावेत म्हणून बोललो."

रस्त्यावरून उसाची एक बैलगाडी गेली, तिच्या मागून दुसरी गेली.

"वाटलं असतं तर बरं झालं असतं," हुक्केरी म्हणाला. मग म्हणाला, "चल, घरी सोड मला."